पाखाडी ते पाखाडी

विलायतेहून आमच्या पुतण्याचें पत्र आलें. हल्लीं पत्र म्हणजे भ्रमणध्वनीवर उमटलेला मजकूर आणि त्यामागोमाग साठ-सत्तर छायाचित्रें. पण मजकूर लांबलचक व शुद्ध मराठींत होता, म्हणून आम्ही त्यास पत्रच म्हणतों. तो आणि त्याची पत्नी, उभयतां आठ दिवस भाड्याची मोटार घेऊन इंग्लंडच्या खेड्यापाड्यांतून हिंडलीं. कॉट्सवोल्ड म्हणून तेथें टेकड्यांचा मुलूख आहे. घरें मधाच्या रंगाच्या चुनखडीच्या दगडाचीं. शेतांचे बांध चुन्यावांचून नुसते दगडावर दगड रचून केलेले. रस्ते इतके अरुंद कीं समोरून दुसरी गाडी आली म्हणजे दोहोंपैकीं एकानें मागें सरून वाट द्यावयाची, आणि वाट मिळालेल्यानें हात उंचावून आभार मानावयाचे. बायबरी गांवांत पाण्याच्या कांठीं घरांची एक ओळ आहे. ती चौदाव्या शतकांत लोंकर सांठविण्यासाठीं बांधली, सतराव्या शतकांत तिचींच विणकरांचीं बिऱ्हाडें झालीं, आणि आज तिचें छायाचित्र घेतल्यावांचून त्या गांवाहून कोणी परतत नाहीं. हें सर्व वर्णन करून चिरंजीवांनीं शेवटीं लिहिलें होतें, "काका-काकू, तुम्ही दोघें एकदां याच. आपल्याकडे असें कांहीं नाहीं."

हें शेवटचें वाक्य आमच्या सौभाग्यवतींस लागलें. गिरगांवांतील एका शाळेंत त्यांनीं एकतीस वर्षें भूगोल शिकविला आहे. "त्याला काय ठाऊक?" त्या म्हणाल्या. मग थोड्या वेळानें, मेथी निवडतां निवडतां, "आणि खरें म्हणाल तर आपल्याला तरी काय ठाऊक आहे? चाळीस वर्षें गणपतीला रात्रीच्या एस. टी.नें निघतों आणि पहांटे गांवांत उतरतों. मधलीं गांवें आपण झोंपेंत पाहिलीं आहेत."

वाचकहो, आरोप खरा होता. आमचें मूळ गांव दापोली तालुक्यांत, केळशी आणि आंजर्लें यांच्या दरम्यान समुद्राकांठीं. माझगांवांत येऊन आमच्या घराण्यास दोन पिढ्या झाल्या. वडील गोदींत नकाशे काढीत, आम्हीही तेंच करून सेवानिवृत्त झालों. गांवीं चुलतबंधु अण्णा व वहिनी राहतात. तेव्हां ठरलें असें कीं माघ महिन्यांत, उन्हें तापण्यापूर्वी, उभयतांनीं मोटारीनें निघावें, समुद्राचा कांठ सोडूं नये, घाई करूं नये, आणि जें गांव दिसेल तें डोळे उघडे ठेवून पाहावें.

निघण्यास दुसरेंही एक कारण होतें, तें आधींच सांगून टाकतों. मोटारीच्या पुढच्या खणांत एक कागद होता. गांवच्या घराच्या व आगराच्या सातबाऱ्यावर अकरा नांवें आहेत. ती जागा एका हॉटेलवाल्यास विकावी असें अण्णांनीं मनांत घेतलें होतें. दहा हिस्सेदारांच्या सह्या झाल्या होत्या, अकरावी आमची राहिली होती. कागद टपालानें येऊन दोन महिने पडला होता. आम्हीं सही केली नव्हती आणि नाहीं म्हणूनही कळविलें नव्हतें. असे कागद पुष्कळ घरांत पडून असतात.

आतां माझगांवाविषयीं थोडें. आमच्या इमारतीच्या मागें माथारपाखाडी आहे. माझगांव हें मुंबईच्या मूळच्या सात बेटांपैकीं एक. येथील आंबे वर्षांतून दोनदां फळत अशी एके काळीं ख्याति होती. हिंदुस्थान कधीं डोळ्यांनीं न पाहिलेल्या टॉमस मूर नांवाच्या आयरिश कवीनें १८१७ सालच्या आपल्या 'लल्ला रूख' काव्यांत सुद्धां त्यांस स्थान दिलें आहे. आंबे गेले, गोद्या आल्या, गुदामें आलीं, उंच इमारती आल्या. परंतु माथारपाखाडी, ईस्ट इंडियन ख्रिस्ती मंडळींची ती जुनी वाडी, अद्याप बरीचशी जागेवर आहे. बाहेरून चढणारे लांकडी जिने, कौलारू छपरें, नक्षीदार कठड्यांचे सज्जे, आणि गल्लींत दोन माणसें भेटलीं कीं तिसऱ्यास आडवें होऊन जावें लागेल इतकी रुंदी. लोकमान्यांचे स्नेही बॅरिस्टर जोसेफ बाप्टिस्टा, ज्यांस लोक काका म्हणत, ते ह्याच वाडींतले. १९१६ सालीं स्थापन झालेल्या होमरूल लीगचे ते पहिले अध्यक्ष, आणि १९२५ सालीं मुंबई महानगरपालिकेचेही. "विलायतेंतलें खेडें पाहायला सात हजार किलोमीटर कशाला जायचें? स्वयंपाकघराच्या खिडकींतून एक दिसतें," असें सौभाग्यवती नेहमीं म्हणतात. पाखाडी हा शब्द मात्र त्या वाडीकडे आम्हीं कधीं नीट लक्ष देऊन ऐकला नव्हता. आमच्या गांवीं घरापासून समुद्राकडे उतरणाऱ्या चिरेबंदी पायवाटेसही पाखाडीच म्हणतात. एकच शब्द चाळीस वर्षें दोन्ही घरांच्या दारांत उभा होता.

मोटार सौभाग्यवतींनीं हांकली. आमच्या डोळ्यांत काचबिंदु निघाल्यापासून डॉक्टरांनीं आम्हांस चक्रास हात लावण्याची मनाई केली आहे. त्या वेळीं ह्यांनीं, वयाच्या एकसष्टाव्या वर्षी, मोटार शिकण्यास आरंभ केला. शिकविणारा तरुण पहिले दोन दिवस त्यांना आजी म्हणत असे. तिसऱ्या दिवशीं डॉकयार्ड रोडच्या चढावर गाडी मागें घरंगळूं न देतां त्यांनीं ती उभी केली, तेव्हांपासून तो बाई म्हणूं लागला. परंतु शहराबाहेर त्यांनीं गाडी कधीं नेली नव्हती. निघण्याच्या आदल्या रात्रीं त्या झोंपल्या नाहींत, हें आम्हांस ठाऊक आहे. कारण आम्हीही झोंपलों नव्हतों.

शिवडीहून निघून समुद्रावरून जाणारा सुमारें २२ किलोमीटरांचा अटल सेतु २०२४ च्या जानेवारींत खुला झाला. त्यावरून गेलों असतों तर लौकर पोहोंचलों असतों. परंतु आम्हीं भाऊच्या धक्क्याची वाट धरली. लक्ष्मण हरिश्चंद्र अजिंक्य ऊर्फ भाऊ यांनीं एकोणिसाव्या शतकांत हा धक्का बांधला, आणि आमच्या वडिलांच्या पिढीनें कोंकण गांठलें तें येथूनच. हर्णैला आगबोट खोल पाण्यांत उभी राही. मग पडाव येत, आणि लेंकुरवाळ्या बायकांना खलाशी हात देऊन त्यांत उतरवीत. मार्च २०२० पासून येथून मांडव्यास मोटारी वाहून नेणारी मोठी बोट चालते. बोटीचें तोंड उघडलेलें, लोखंडी उतरणीवरून एकामागून एक मोटारी आंत जात होत्या. आमची पाळी आली तेव्हां सौभाग्यवतींनीं एकदां डोळे मिटले, काय म्हणावयाचें तें मनांत म्हटलें, आणि गाडी आंत घातली.

वर सज्जांत उभें राहून आम्ही माझगांव मागें जातांना पाहिलें. गोदींत बांधणी चाललेल्या युद्धनौकांचे करडे मनोरे, त्यांमागें चिमण्या, त्यांमागें उंच इमारती. आमचें सारें आयुष्य ज्या कुंपणाच्या आंत गेलें तें पाण्यावरून पाहण्याचा योग पहिलाच. जवळ एक वृद्ध गृहस्थ रेवसच्या बाजूस हात जोडून उभे होते. विचारण्याची गरज नव्हती. १७ जुलै १९४७, आषाढी अमावास्या. स्वातंत्र्यास महिना उरला असतां रामदास बोट ह्याच धक्क्यावरून रेवसला निघाली आणि काशाच्या खडकाजवळ बुडाली. सहाशेंहून अधिक माणसें गेलीं. मुंबईस मासळी विकावयास निघालेल्या कोळ्यांनीं आपली मासळी समुद्रांत लोटून देऊन हातीं लागतील तितकीं माणसें होड्यांत ओढलीं. कोंकणांतल्या कित्येक घरांत तेव्हांपासून पावसाळ्यांत बोटीनें जाण्याचें नांव काढीत नसत. आमच्या आजी त्यांपैकीं एक.

मांडव्यास उतरलों आणि अलिबाग मागें टाकून आक्षीस आलों. रस्त्यालगत एक शिळा आहे. वर चंद्र-सूर्य, मध्यें अक्षरें, खालीं दान मोडणाऱ्यास शाप. डॉ. शं. गो. तुळपुळे यांनीं हिचा काळ शके ९३४, म्हणजे इसवी सन १०१२, असा ठरविला. त्या मतानें मराठी भाषेचा हा सर्वांत जुना शिलालेख. चिरंजीवांच्या त्या विणकरांच्या घरांहून ही शिळा साडेतीनशे वर्षांनीं वडील. सौभाग्यवतींनीं तिचें छायाचित्र घेऊन तेथल्या तेथें इंग्लंडास धाडलें, खालीं मजकूर एवढाच, "आपल्याकडे." पुढें नांदगांव लागलें. मंडळी येथें सिद्धिविनायकाच्या दर्शनास थांबतात, आम्हीही थांबलों. परंतु हें गणेश दैवज्ञांचें गांव आहे, हें कितीजणांस ठाऊक असतें? शके १४४२ सालीं त्यांनीं 'ग्रहलाघव' रचला. ज्या-कोज्यांची भानगड टाळून ग्रहांचें गणित सोपें करणारा हा ग्रंथ. त्यावरून महाराष्ट्रांत पुढें कित्येक शतकें पंचांगें होत राहिलीं. समुद्राकांठच्या या नारळीच्या गांवांत बसून एका माणसानें ग्रहणें मांडलीं, आणि देशभर लोकांनीं त्याच्या शब्दावर उपवास सोडले. देवळासमोरच्या पाटीवर शहाळ्यांचा भाव मोठ्या अक्षरांत होता. दैवज्ञांचें नांव आम्हांस दिसलें नाहीं. आमचे डोळे अधू आहेत, एवढी सवलत आम्ही गांवास देतों.

आगरदांड्याहून दिघीस जाणारी तर लहान. तींत मोटार उलटी चढवावी लागली. मागें पाणी, पुढें रांग, आणि एक खलाशी दोन्ही हात हलवून "येऊं द्या, येऊं द्या" करीत होता. आम्ही खालीं उतरून सूचना करूं लागलों तेव्हां सौभाग्यवतींनीं काच खालीं करून शांतपणें सांगितलें, "तुम्ही समुद्र बघा." आम्हीं समुद्र पाहिला. गाडी चढली. त्या खलाशानें मागाहून आम्हांस विचारलें, "काका, तुम्हांला येत नाहीं का?"

दिवेआगरास मुक्काम केला. येथें १९९७ सालीं एका वाडींत खणतांना तांब्याच्या पेटींत सोन्याचा गणपतीचा मुखवटा निघाला. २०१२ सालीं दरोडेखोरांनीं दोघां पहारेकऱ्यांचा जीव घेऊन तो पळविला. २०२१ सालीं पुन्हां त्याची स्थापना झाली. घरगुती खानावळींत वालाचें बिरडें, केळफुलाची भाजी आणि उकडीचे मोदक जेवलों. वाढणाऱ्या बाई रिकाम्या वेळांत सुपाऱ्या सोलीत होत्या. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळाची गोष्ट त्यांनींच काढली. दुपारपर्यंत घराच्या मागें आकाश दिसत नसे, इतकी पोफळींची दाटी. संध्याकाळीं मागच्या दारांतून समुद्र दिसूं लागला. "समुद्र बघायला लोक पैसे देतात. आम्हांला तो फुकट दिसला, आणि रडूं आलें." श्रीवर्धनची रोठा सुपारी नांवाजलेली, पण पोफळ लावल्यापासून भरपूर उत्पन्न हातीं येण्यास सात-आठ वर्षें सहज लागतात. भाताचें शेत बुडालें तर पुढच्या वर्षी पुन्हां उभें राहतें. आगर पडलें कीं माणसाच्या उमेदीचीं वर्षेंच पडतात.

श्रीवर्धन बाळाजी विश्वनाथांचें गांव, त्याविषयीं आमच्या वाचकांस नव्यानें काय सांगावें? हरिहरेश्वराचें दर्शन घेतलें आणि बागमांडल्याची तर धरून वेशवीस उतरलों. ह्या खाड्यांवर पूल बांधण्याची सरकारची योजना आहे. बॅरिस्टर अंतुले यांनीं सागरी महामार्गाची कल्पना काढिली तिला चाळीस वर्षें उलटून गेलीं. पूल झाले म्हणजे प्रवास लौकर होईल, आजाऱ्यास वेळेवर नेतां येईल, हें सर्व खरें. तरीपण तरीची वाट पाहत धक्क्यावर उभें असतां परक्या माणसाशीं जें बोलणें होतें तें पुलावर होणार नाहीं.

वेळासला पहांटे साडेपांचास उठून कांसवें पाहिलीं. नाना फडणिसांच्या पूर्वजांचें हें गांव. कांसवांची अंडीं पूर्वी लोक सर्रास खात. चिपळूणच्या सह्याद्रि निसर्ग मित्र संस्थेनें २००२ च्या सुमारास येथें रक्षणाचें काम सुरू केलें. अंडीं कुंपणांत सुरक्षित ठेवितात, आणि पिल्लें निघालीं म्हणजे टोपलीखालून तीं वाळूवर सोडतात. तीं पिल्लें पाहण्यास येणारे पाहुणे गांवच्या घरांत उतरतात, जेवतात, पैसे देतात. पंधरा पिल्लें समुद्राकडे निघालीं होतीं. एक उलट्या दिशेनें आमच्याकडे येऊं लागलें. कोणी हात लावावयाचा नाहीं, असा नियम आहे; सर्व मंडळी श्वास रोखून उभी. त्यानें आपली चूक आपणच सुधारली.

दुपारीं आम्ही आपल्या गांवीं पोहोंचलों.

अण्णा ओटीवर बसले होते. गाडी सौभाग्यवती हांकीत आहेत हें पाहून उठून उभे राहिले. चहा झाल्यावर ते आम्हांस आगरांत घेऊन गेले आणि एकेक जागा दाखवूं लागले. येथें रहाट होता. तो मोडला, पंप आला. माडावर चढणारा पाडेली मिळत नाहीं; "मिळाला तर पैसे मागतो, आणि वानरें फुकट उतरवितात." वादळांत तीनशें पोफळी व अठ्ठावीस माड पडले, भरपाई मिळाली तींत पडलेलीं खोडें बाजूला करण्याचा खर्चही निघाला नाहीं. मुलगा पुण्यास, मुलगी बंगळुरास. स्वतःचें वय एकोणसत्तर. आम्हीं पाखाडीकडे बोट दाखवून, ही सुद्धां जाणार का, असें विचारलें. त्यांचा स्वर चढला नाहीं, पण ते थांबले. "तूं गणपतीला पांच दिवस येतोस. तुला हें गांव पांच दिवसांचें आहे, म्हणून सुंदर आहे. उरलेले तीनशें साठ माझ्या वांट्याला आहेत."

यावर उत्तर नव्हतें. वाटभर आम्ही गांवें पाहत आलों होतों तीं प्रवाशाच्या डोळ्यांनीं. इंग्लंडांतलीं तीं खेडीं आपोआप राहिलीं नाहींत, हें आम्हांस वाचून ठाऊक होतें. १८९५ सालीं तेथें नॅशनल ट्रस्ट ही संस्था निघाली. बायबरीची ती ओळ आज तिच्याच ताब्यांत आहे. १९४७ सालच्या नगर व ग्राम रचनेच्या कायद्यानें वाटेल त्यास वाटेल तेथें बांधण्याची मोकळीक काढून घेतली. १९६६ सालीं कॉट्सवोल्ड निसर्गसौंदर्याचा मुलूख म्हणून राखला गेला. परंतु आम्हीं चिरंजीवांस मुद्दाम विचारलें होतें कीं, त्या घरांत राहतें कोण? त्याचें उत्तर वेळासलाच आलें होतें. पुष्कळशीं घरें शहरांतल्या धनिकांनीं सुट्टीसाठीं घेतलीं आहेत. तो उतरला होता त्या खाणावळीचा मालक म्हणाला कीं, त्याच्या स्वतःच्या मुलास त्या गांवांत घर घेणें परवडत नाहीं. घरें राहिलीं, घरचीं माणसें हललीं. आमच्या गांवीं माणसें आधींच हललीं आहेत, घरें मागाहून हलतील, एवढाच काय तो फरक. म्हणून सही करून टाकावी, असें आमच्या मनानें त्या संध्याकाळीं घेतलें.

रात्रीं माजघरांत अंथरुणें पडल्यावर सौभाग्यवतींनीं हळूच विचारलें, "वहिनींना कोणीं विचारलें आहे का?"

आम्हांस तें सुचलें नव्हतें. दुपारीं आम्ही अण्णांबरोबर पडलेल्या झाडांचे खड्डे पाहत असतां वहिनींनीं सौभाग्यवतींस आगराच्या दुसऱ्या टोंकाला नेलें होतें. वादळानंतरच्या पावसाळ्यांत वहिनींनीं एकशें ऐंशी पोफळी लावल्या. पंप वरचेवर बिघडे, तेव्हां पहिला उन्हाळा घागरींनीं पाणी घातलें. त्यांपैकीं एका पोफळीला यंदा पहिला घोंस धरला होता, अजून पुरता लाल झालेला नव्हता. घरामागें दोन खोल्या काढून त्या पाहुणे ठेवितात. त्याची वही त्यांनीं दाखविली, तारीखवार, पै पैशाची. सर्व दाखवून झाल्यावर कागदाविषयीं त्या एक शब्द बोलल्या नाहींत. सातबाऱ्यावरच्या अकरा नांवांत त्यांचें नांव नाहीं. लग्न होऊन त्यांना त्रेचाळीस वर्षें झालीं.

"त्या नको म्हणत आहेत असें तुला वाटतें?" आम्हीं विचारलें.

"मला कांहीं वाटत नाहीं. म्हणून तर विचारा म्हणतें."

सकाळीं आम्ही कागद घेऊन ओटीवर बसलों. खालीं साक्षीदारांच्या दोन ओळी कोऱ्या होत्या. आम्हीं अण्णांस सांगितलें, "तुमचें म्हणणें मला पटलें आहे. मी अडवणार नाहीं. पण साक्षीदार म्हणून वहिनींची सही आधीं होऊं द्या. त्या खालीं माझी घ्या. दुय्यम निबंधकाच्या कचेरींत लागेल तेव्हां मी येईन." अण्णांनीं बराच वेळ आमच्याकडे पाहिलें. ते रागावले असावेत. रागावण्याचा त्यांस अधिकारही होता, कारण ही युक्ति आमची नव्हे हें त्यांनीं ओळखलें. स्वयंपाकघरांत भांड्यांचा आवाज थांबला होता. मग अण्णा म्हणाले, "ठेव तेथें देवाजवळ," आणि आंघोळीस गेले. वहिनींनीं घावन वाढले. निरोपाच्या वेळीं त्यांनीं सौभाग्यवतींची ओटी भरली आणि त्यांचा हात नेहमींपेक्षां थोडा अधिक वेळ धरून ठेविला.

आंजर्ल्याच्या कड्यावरील गणपतीस दुरूनच हात जोडले. हर्णैच्या बंदरांत मासळीचा लिलाव ऐन रंगांत होता, तेथें आम्हां शाकाहारी मंडळींनीं सुवर्णदुर्गाकडे तोंड करून काळ काढला. मुरुडास मात्र थांबलों. हें महर्षि धोंडो केशव कर्वे यांचें गांव. विद्यार्थिदशेंत परीक्षेसाठीं ते येथून सातारपर्यंत, शंभर मैलांहून अधिक, घाट चढून पायीं गेले, आणि वयानें लहान दिसतात म्हणून त्यांस परत पाठविण्यांत आलें. पुढें ११ मार्च १८९३ रोजीं त्यांनीं गोदूबाईंशीं पुनर्विवाह केला आणि नव्या पत्नीसह ते आपल्या ह्या गांवीं आले, तेव्हां गांवानें सभा भरवून त्यांजवर बहिष्कार घातला. त्यांच्या मातोश्रींस मुलाच्या पंक्तीला बसतां येईना. नारळी-पोफळींच्या सांवलीचा रस्ता, दुतर्फा चिऱ्याचे गडगे, दुर्गादेवीचें सुबक देऊळ. असें चित्रासारखें गांव, आणि त्यानें आपल्या सर्वोत्तम पुत्रास दाराबाहेर उभें केलें. गंमत अशी कीं, हेच कर्वे १९२९ सालीं इंग्लंडांत मालव्हर्न येथें शिक्षकांच्या परिषदेस गेले. तें गांव कॉट्सवोल्डच्या शेजारींच आहे. तेथील टेकड्या पाहून त्यांस मुरुड आठवलें असेल काय, आणि आठवलें असेल तर कोणतें, देवळाचें कीं सभेचें?

"बयांना काय आठवलें असेल, तें विचारा," सौभाग्यवती म्हणाल्या. बाया कर्वे यांनीं 'माझें पुराण' लिहून ठेविलें आहे. आमच्या घरीं त्याची प्रत आहे, आणि ती कोणाच्या उशाशीं असते हें सांगावयास नकोच.

दाभोळहून तर ओलांडून गुहागरास गेलों, व्याडेश्वराचें दर्शन घेतलें आणि चिपळूणवरून महामार्गानें परतलों. त्या महामार्गाविषयीं न लिहिलेलें बरें. माणगांवच्या पुढें तीन तास एका जागीं उभें राहावें लागलें, तेव्हां आम्हांस प्रथमच सौभाग्यवतींच्या तोंडून एक अशी म्हण ऐकावयास मिळाली कीं जी ह्या मासिकांत छापतां येणार नाहीं.

माझगांवांत शिरलों तेव्हां रात्रीचे अकरा वाजले होते. माथारपाखाडींत एका घरीं लग्नाची रोषणाई होती, आणि गाडी लावावयास जागा नव्हती. शेवटीं वाडींतल्या एका तरुणानें आपली दुचाकी उचलून बाजूला ठेविली. सौभाग्यवतींनीं हात उंचावून त्याचे आभार मानले, थेट कॉट्सवोल्डच्या रीतीनें.

ह्या गोष्टीस आतां तीन महिने होतील. गेल्या आठवड्यांत गांवाहून पार्सल आलें. पोह्याचे पापड, मिरगुंडें, कोकम, आणि वर्तमानपत्रांत बांधलेल्या एकेचाळीस सुपाऱ्या. सोबत वहिनींच्या हातची चिठी होती, "पहिल्या घोंसाच्या आहेत. देवापुढें ठेवून मग फोडा." कागदाविषयीं तींत अवाक्षर नव्हतें. आम्हीं अडकित्ता शोधला. तो सांपडला, पण गंजलेला. खोबरेल लावून उन्हांत ठेविला आहे.